डावंच चाक का ओरडतं? घरच्या घरी ब्रेक पॅड बदलताना

वाचकाचं पत्र: माझ्याकडे 2009 ची वॅगन आर आहे, 84 हजार किलोमीटर झालेली, एबीएस नसलेली. रोजचा प्रवास लोकलने, त्यामुळे गाडी शनिवार-रविवारीच निघते. महिनाभरापासून ब्रेक हलका दाबला की डाव्या पुढच्या चाकातून चिर्रर्र असा बारीक आवाज येतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दाखवलं, तर ‘पॅड गेले, डिस्कपण बदला’ एवढंच सांगितलं. पॅड मला स्वतः बदलायचे आहेत. पंक्चर झालेलं चाक बदलता येतं, पान्यांचा एक संच आहे, एवढाच अनुभव. जमेल का? फक्त डाव्या बाजूचे बदलले तर चालतील का? डिस्क खरंच बदलायला हवी का? आई म्हणते, ब्रेकला हात लावू नकोस.
— एक वाचक, मुलुंड

जमेल. या गाडीच्या पुढच्या ब्रेकची रचना साधी आहे. चाक काढलं की समोर चाकासोबत फिरणारी डिस्क, तिच्यावर पंजासारखा बसलेला, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर आणि तो धरून ठेवणारे दोन बोल्ट दिसतात. तरी आईचा धाक मनात ठेवूनच कामाला बसा. ब्रेकमधली चूक पार्किंगमध्ये दिसेलच असं नाही, ती उतारावर दिसते.

फक्त डाव्या बाजूचे पॅड बदलू नका. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला झिजलेलं पॅड असलं की दोन्ही चाकं सारखी पकडत नाहीत. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर गाडी एका अंगाला ओढते. दुकानात संचही चार पॅडचाच मिळतो, दोन डावीकडचे आणि दोन उजवीकडचे. डिस्क मात्र मोजल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नका. ती कशी मोजायची ते पुढे सांगतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे आवाज एकाच बाजूने येतो ही. दोन्ही चाकांना ब्रेक ऑइलचा दाब सारखाच जातो, म्हणजे पॅडही साधारण सारखेच झिजायला हवेत. डावं पॅड आधी संपलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक दाबला जातो पण नीट सुटत नाही, अशी दाट शक्यता आहे. नुसते पॅड बदललेत तर आवाज जाईल, पण अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहील आणि नवे पॅडही त्याच वाटेने जातील. पॅड काढणं-बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. उरलेला वेळ डावं चाक का अडलं हे शोधण्यात घालवा.

कॅलिपरमध्ये पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग अख्खा कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून आणतो. पाय काढल्यावर परत खेचणारी स्प्रिंग इथे नसते. पिस्टनभोवतीची रबरी सील दाबाने किंचित पीळ खाते, तो पीळ सुटला की पिस्टन केसभर मागे येतो, बस्स. एवढ्याशा हालचालीवर सगळं चालत असल्यामुळे पिनांवर थोडा जरी गंज चढला तरी कॅलिपर सरकत नाही. आपल्याकडे खारी, दमट हवा, चार महिने पाऊस, आणि त्यात पाच-पाच दिवस एका जागी उभी असलेली गाडी. रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा अशा गाडीच्या पिना लवकर धरतात.

आवाजाबद्दल एक खुलासा. पॅडच्या पत्र्याला एक छोटी जीभ असते. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासून ओरडते, तुम्हाला ऐकू येतो तो बहुधा हाच आवाज. चिर्रर्रचं खर्र-खर्र झालं तर मसाला संपून लोखंड लोखंडावर घासतंय असं समजा आणि गाडी बाहेर काढू नका.

खरेदीला जाताना आरसी बुकावरचा चेसिस नंबर सोबत ठेवा. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या आकाराचे पॅड आलेले असतात. ऑपेरा हाउसच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तिथे नंबर दाखवून मागा. कंपनीचे किंवा नावाजलेल्या ब्रेक बनवणाऱ्यांचे घ्या, सीलबंद खोक्यातले, पक्क्या बिलावर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं पुष्कळ सामान मिळतं, पण वापरलेले ब्रेक पॅड कधीच घेऊ नका. पॅडसोबत स्टीलच्या पातळ क्लिपा येतात का ते विचारा, येत नसतील तर वेगळ्या घ्या. शिवाय ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकच्या पिनांसाठीचं सिलिकॉन ग्रीस, तारेचा ब्रश, मोठा सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा), टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळता येणारा) आणि गाडीखाली ठेवायचा स्टँड हवा. टॉर्क पाना कुणाकडून मागून आणला तरी चालेल. स्टँड मात्र विकत घ्या.

साधं बेअरिंगचं ग्रीस पिनांना लावू नका. पेट्रोलियमपासून बनलेल्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं, आणि फुगलेल्या रबरात पिन आधीपेक्षा जास्त अडकते. पेट्रोल किंवा रॉकेलने कॅलिपर धुवायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. तीही याच कारणाने टाळा.

ब्रेक ऑइलची लहान सीलबंद बाटली आणा. डॉट 3 की डॉट 4 ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट 5 वेगळ्या जातीचं, सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्याच्या बाबतीत ही हमी 155 अंशांवर येते. खंडाळ्याचा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये हा फरक पायाला कळतो. म्हणून कपाटात वर्षभर पडलेली उघडी बाटली वापरू नका. गाडीतलं ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर पॅडचं काम झाल्यावर तेही गॅरेजमध्ये बदलून घ्या.

काम शनिवारी सकाळी काढा. मध्येच एखादं रबर फाटलेलं निघालं तर दुकानं उघडी असतात, रविवारी अडकून पडाल. दोन्ही चाकांना मिळून तीन तास धरा. जागा सपाट हवी. रॅम्पवर नको, स्टॅक पार्किंगच्या पाळण्यात तर मुळीच नको. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा, कारण एकाच ब्लॉकवर वजन आलं की तो तिरका होतो. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. मग जॅक लावून गाडी उचला, मजबूत चॅनेलखाली स्टँड द्या, जॅक थोडा खाली घेऊन वजन स्टँडवर येऊ द्या आणि गाडी हाताने हलवून बघा. काढलेलं चाक दाराखाली आडवं सारून ठेवा, स्टँड घसरलाच तर गाडी त्यावर अडेल. दोन्ही चाकं एकदम उघडू नका. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी घ्या. त्याला दोन कारणं आहेत. काय कुठे बसलं होतं ते विसरलात तर दुसरी बाजू नमुन्याला असते. आणि दोन्ही कॅलिपर मोकळे असताना एका बाजूचा पिस्टन आत दाबला, तर ऑइल दुसरीकडे जाऊन तिथला पिस्टन बाहेर ढकललं जाऊ शकतं.

उजव्या बाजूपासून सुरुवात करा. ती बिघडलेली नसावी, त्यामुळे चांगला ब्रेक कसा हलतो ते हाताला कळेल आणि डावीकडे फरक ओळखता येईल.

स्टिअरिंग वळवून कॅलिपरची मागची बाजू बाहेर आणा आणि मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. कॅलिपरचे दोन बोल्ट मागच्या बाजूला दिसतील. 12, 13 की 14 चा पाना लागतो ते बसवून बघा. सैल बसणारा पाना वापरलात तर बोल्टचं डोकं गोल होतं. मागून काम करत असल्यामुळे सोडवायची दिशा उलटी वाटते, म्हणून जोर लावण्याआधी एकदा बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून दिशा मनाशी पक्की करा. बोल्टसोबत पिनही फिरू लागली तर तिला फिक्स पान्याने धरा. बहुतेकदा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलला जातो. पूर्ण काढावाच लागला तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. ब्रेकच्या रबरी नळीवर कधीही लोंबकळू देऊ नका, नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता त्या बाजूचे जुने पॅड काढा आणि एकेक बाजू उघडेल तसे चारही पॅड कागदावर जिथले तिथे मांडा: डावं आतलं, डावं बाहेरचं, उजवं आतलं, उजवं बाहेरचं. हा कागद नीट वाचा. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त झिजलेलं असेल, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही, किंवा पिस्टन परत येत नाही. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, पाचरीसारखं झालं असेल, तर दोनपैकी एक पिन धरली आहे. आतलं-बाहेरचं दोन्ही सारखे, पण उजवीकडच्यापेक्षा खूप जास्त झिजले असतील, तर संशय रबरी नळीवर घ्या. जुनी नळी आतून सुजली की दाब जाऊ देते, पण परत येऊ देत नाही.

भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून भुकटी ओली करा आणि चिंधीने पुसा.

मग पिना. दोन्ही पिना बाहेर ओढा. चांगली पिन बोटाने ओढली की ‘पुक्’ असा हलका आवाज करत निघते आणि चमकते. धरलेली पिन चॉकलेटी असते आणि तिच्यावर वाळलेल्या ग्रीसची पापडी असते. ती पुसून, गंज बारीक पॉलिश पेपरने काढून हात फिरवा. खड्डे लागले तर पिन नवीनच घ्या. जिथे पिन बसते ते छिद्रही आतून साफ करा, सगळं लक्ष पिनेवर जातं आणि छिद्र विसरतं. काही कॅलिपरमध्ये एका पिनेच्या टोकाला रबरी कडं असतं, ती पिन वरची की खालची ते फोटोत बघूनच परत लावा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीस कोंबून भरलं तर आत हवा अडकते आणि पिन स्प्रिंगसारखी मागे येते. पिनेवरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटलेला असेल तर बदला. फाटक्या बुटातून पाणी जातं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हाच खेळ.

पॅडचे दोन्ही कान ज्या खाचेत बसतात तिथल्या क्लिपा काढा. क्लिपेखालचं लोखंड गंजून फुगतं, क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते आणि पॅड तिथे आवळून बसतं. पिना चकचकीत असूनही ब्रेक धरत असेल तर कारण बहुतेक इथेच सापडतं. तारेच्या ब्रशने खरवडून लोखंड उघडं करा आणि नव्या क्लिपा लावा. नवं पॅड खाचेत ठेवल्यावर अंगठ्याने सरकलं पाहिजे. हातोडी लागली तर काम राहिलंय.

डिस्कची किमान जाडी तिच्या टोपीवर किंवा कडेला ‘मिन’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. मोजायला साधा व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) चालतो, पण एक फसगत होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेला, गंजलेला ओठ राहतो. व्हर्नियरचे जबडे त्या ओठावर टेकले की डिस्क जाड भासते. दोन्ही बाजूंना एकसारखी दोन नाणी धरून, ओठाच्या आतल्या भागावर मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा. आकडा किमान जाडीपेक्षा वर असेल, तडे नसतील, खोल चरे नसतील आणि ब्रेक दाबताना पेडल पायाखाली थरथरत नसेल, तर डिस्क तशीच राहू द्या. आठवडाभर उभ्या गाडीवर येणारा लालसर गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये पुसला जातो, त्यासाठी डिस्क बदलत नाहीत. किमान जाडीच्या खाली असेल तर मात्र गॅरेजवाल्याचं बरोबर आहे, आणि मग दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला.

नवं पॅड जाड असल्यामुळे पिस्टन मागे दाबावा लागतो. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. कडेपर्यंत भरलेली असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या, नाहीतर पिस्टन दाबल्यावर ऑइल उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खाईल. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या. पिस्टनवर जुनं पॅड टेकवा, सी-क्लॅम्प लावा आणि अर्धा-अर्धा फेरा देत सावकाश दाबा. उजवीकडे तो एकसारखा आत गेला असेल. डावीकडे तितकाच सहज जातो का, ते हाताने ताडून बघा.

जात नसेल तर बळजबरी नको. पिस्टनच्या भोवतालचं रबर फाटलेलं असेल, तिथे ओल दिसत असेल, बोल्टचं डोकं गेलं असेल किंवा नळीला भेगा असतील, तर तिथेच थांबा. सगळं परत जोडून मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा. तो कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, उघडून पिस्टन दाबेल. निपल उघडल्यावर पिस्टन सहज गेला तर नळी चोंदलेली, तरीही नाही गेला तर पिस्टन गंजलेला. त्यानंतर ऑइलमध्ये शिरलेली एअर काढावी लागते. पहिल्याच खेपेला हे काम अंगावर घेऊ नका.

पिस्टन गेला असेल तर पॅड बसवा. आवाज करणारी जीभ जुन्या पॅडला जिथे होती तिथेच यायला हवी. मसाल्याची बाजू डिस्ककडे आहे ना, हे बोट लावून तपासा. पॅड उलटं बसवण्याची चूक खरंच होते. कानांना आणि पाठीच्या पत्र्यावर पिस्टन टेकतो तिथे ग्रीसचं नखभर बोट फिरवा. मसाल्यावर किंवा डिस्कवर ग्रीसचा डाग पडला तर लगेच ब्रेक क्लीनर मारा. ग्रीस मसाल्यात मुरलं तर ते पॅड गेलं. कॅलिपर खाली घ्या, नळीला पीळ पडलेला नाही ना बघा, बोल्ट आवळा. लहान गाड्यांत या बोल्टचा टॉर्क साधारण 22 ते 32 न्यूटन-मीटर असतो, म्हणजे चाकाच्या नटापेक्षा खूपच कमी. पाइप लावून आवळलात तर बोल्ट तुटतो. चाकाचे नट गाडी खाली आल्यावर, समोरासमोरचे आलटूनपालटून, 85 न्यूटन-मीटरला आवळा.

आता इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पेडल दाबा. पहिल्यांदा ते थेट खाली जाईल. घाबरू नका, पिस्टन आणि पॅडमधली फट भरते आहे. कडक लागेपर्यंत दाबत राहा. हे विसरून गाडी मागे घेतली तर ब्रेक लागतच नाही आणि मागच्या खांबाला गाडी धडकते. पेडल कडक झाल्यावर इंजिन सुरू करा, तेव्हा ते थोडं खाली जाईल, हे ठीक आहे. दाबून धरल्यावर हळूहळू बुडत राहिलं किंवा स्पंजासारखं लागलं तर गाडी हलवू नका. ऑइलची पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा आणि झाकण लावा.

पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना, मागे कुणी नाही हे आरशात बघून 50 च्या वेगावरून 15 पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा. असं आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी तशीच चालू द्या. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका, तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पहिले 200-300 किलोमीटर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. 100 किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.

त्या पहाटेच घरी परतताना शेवटचा एक किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता या, गाडी उभी करा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हाताचा पंजा आणा. स्पर्श करू नका, नुसती धग घ्या. डावीकडे आणि उजवीकडे सारखी ऊब लागली तर डावा कॅलिपर मोकळा झाला. डावीकडे भाजण्याइतकी धग आणि उजवीकडे कोमट लागलं, तर पिना आणि क्लिपा साफ करूनही ब्रेक धरतोच आहे. मग कारण पिस्टनमध्ये किंवा नळीत आहे आणि गाडी सोमवारीच गॅरेजला न्या. तिथे ‘ब्रेक बघा’ एवढंच सांगू नका. डावं चाक तापतं, पिना साफ केल्यात, पॅड नवे आहेत, हे तिन्ही सांगा आणि जुन्या चार पॅडचा तो कागद सोबत न्या.